कौतुक केलं तर नाही म्हणायचं नाही

तो पक्ष्यांना मुलाखत देत होता.

खोटं नाही सांगत. त्स्वेइ तळ्याच्या कठड्याला टेकून, एका हातात पावाचा तुकडा, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट... आणि समोर घिरट्या घालणाऱ्या पांढऱ्या कुरव पक्ष्यांना तो इंग्रजीत सांगत होता, "नमस्कार. ही संधी दिल्याबद्दल मी आपला आभारी आहे." पक्ष्यांचं सगळं लक्ष पावाकडे. हिवाळा लागला की ते थंडीला कंटाळून थेट सैबेरियातून आमच्या खुनमिंगला येतात, आणि आम्ही खुनमिंगकर सुट्टीच्या दिवशी पाव घेऊन त्यांच्या सरबराईला हजर. पण त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

मला कुठलं राहवतंय! मागे उभी राहून, आवाज जाड करून, मीही इंग्रजीतच विचारलं, "तुमच्या अंगी कोणते गुण आहेत?"

त्याचे खांदे ताठ झाले. पण तो वळला नाही. पक्ष्यांकडेच बघत म्हणाला, "छे छे, माझ्यात विशेष असं काहीच नाही."

तेवढ्यात एका पक्ष्याने झेप घेऊन त्याच्या हातातला पाव पळवला.

"बघ," मी म्हटलं, "नोकरी त्याला मिळाली."

आता तो वळला. चष्मा, कपाळावर केसांची एक बट, आणि कानाच्या पाळ्या लाललाल. हसावं की पळून जावं हे त्याला ठरवता येईना. शेवटी हसला... आणि हसताना इतका साधा दिसला की माझंच बोलणं अडलं. हे माझ्या बाबतीत फार क्वचित घडतं. आईला विचारा.

तळ्याच्या त्याच काठावर रविवारी दुपारी आमचा इंग्रजी कोपरा भरायचा. नियम एकच, तिथे आलं की चिनी शब्द तोंडातून काढायचा नाही. परीक्षा देणारी पोरं यायची, हॉटेलात काम करणाऱ्या मुली यायच्या, कॅनडात नात झालेली एक आजी यायची. नातीशी बोलता यावं म्हणून ती "तुला भूक लागली का" एवढंच वाक्य महिनाभर घोकत होती. कोपरा चालवायचे दुआन सर. निवृत्त मास्तर. तरुणपणी त्यांना रशियन शिकवली, ती वाया गेली, मग रेडिओला कान लावून ते इंग्रजी शिकले. ते म्हणायचे, "जगाशी बोलायचं तर त्याची वाट बघत बसू नका, आपण दार उघडा." नव्या माणसाला ते इंग्रजी नाव द्यायचे. मला त्यांनी रूबी केलं होतं. त्या दिवशी या पक्षीवाल्याला त्यांनी वॉल्टर केलं, आणि मला म्हणाले, याला तू सांभाळ, तुला तोंड आहे आणि याला नाही.

तोंड होतं खरं. मी दोउनानच्या फुलबाजारात, परदेशात फुलं पाठवणाऱ्या एका कंपनीत कामाला होते. आधी गुलाबाच्या जुड्या बांधायचे. एके दिवशी परदेशी व्यापारी आला, दुभाषा आला नाही, आणि मी मोडक्या इंग्रजीत त्याच्याशी बोलले. दुसऱ्या दिवसापासून मला खुर्ची मिळाली. म्हणून आमच्याकडे आईबाप पोटाला चिमटा काढून पोरांना इंग्रजीच्या शिकवणीला घालतात. पण खरं सांगू, मला खुर्चीपेक्षा दुसरंच काहीतरी मिळालं होतं. घरी मी आलान, दाइ कुटुंबातली मुलगी, खाली मान घालून भात खाणारी. इंग्रजीत मी रूबी. रूबीला कुणाची भीती वाटत नव्हती, कारण त्या भाषेत तिला लहानपणी कुणी रागावलंच नव्हतं.

वॉल्टरची गोष्ट पहिल्याच रविवारी कळली. तो बोगदे खोदणारा इंजिनियर. त्याच्या कंपनीने परदेशात रेल्वे बांधायचं काम घेतलं होतं आणि तिथले परदेशी सल्लागार इंग्रजीत मुलाखत घेऊन माणसं निवडत होते. मागच्या वर्षी हाही बसला. डोंगरातलं पाणी फुटून बंद पडलेला एक बोगदा याने आखणी बदलून पुन्हा सुरू केला होता. परदेशी साहेबाने विचारलं, हे तुम्ही केलंत का? आणि याने आपल्याकडच्या रीतीप्रमाणे उत्तर दिलं, "छे, सगळं श्रेय वरिष्ठांचं आणि सहकाऱ्यांचं. मी आपला मोजपट्टी धरून उभा होतो."

आपल्याकडच्या कुठल्याही साहेबाने हे ऐकून मान डोलावली असती, वा, काम केलंय आणि नम्रही आहे. त्या साहेबाने लिहून घेतलं, हा मोजपट्टी धरतो. निवड झाली ती खरोखर मोजपट्टी धरणाऱ्याची.

मी पोट धरून हसले. मग त्याच्याकडे बघितलं आणि हसू गिळलं. त्याला मनापासून तिथे जायचं होतं. इथे त्याच्या वरती माणसांची उतरंड होती, तिथे एक अख्खा बोगदा त्याच्या हाताखाली मिळणार होता. वसंताच्या सणानंतर, म्हणजे आमचं नवं वर्ष लागल्यावर, पुन्हा मुलाखती होत्या. ही त्याची शेवटची संधी, कारण दोनदा नापास झालेल्याला तिसऱ्यांदा बोलवत नसत. मी म्हटलं, मी तुला बढाई मारायला शिकवते.

"बढाई वाईट असते," तो म्हणाला.

"चिनीत वाईट असते. इंग्रजीत तिला ओळख करून देणं म्हणतात."

आणि अशी आमची शिकवणी सुरू झाली. नियम मी घातले. कौतुक केलं तर नाही म्हणायचं नाही. मान खाली घालायची नाही. 'मी केलं' म्हणताना आवाज बारीक करायचा नाही, आणि नुसतं चांगलं आहे म्हणून भागत नाही, उदाहरण द्यायचं. बिचाऱ्याची काय अवस्था व्हायची! 'मी केलं' म्हणताना तो असा आवंढा गिळायचा की जणू चोरीच कबूल करतोय.

एका रविवारी बारीक रिमझिम लागली. पक्षी पाण्यावर गप्प बसून होते, कोपरा आज भरलाच नव्हता, आणि आम्ही दोघंच तळ्यातल्या मंडपाच्या वळचणीला उभे. थंडीने त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती. मी म्हटलं, आज नुसता सराव. मी कौतुक करणार, तू फक्त आभार मानायचे.

"तुझा उच्चार सुधारलाय."

"नाही नाही, अजून—"

"चूक. परत. तुझा उच्चार सुधारलाय."

"...आभारी आहे."

"तू हुशार आहेस."

"आभारी आहे." घाम फुटला होता त्याला, त्या थंडीत.

"तुझे डोळे छान आहेत."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे मुलाखतीत विचारतील?"

"विचारलं तर तयारी असावी."

"माझे डोळे बारीक आहेत, रूबी. आणि चष्म्याचा नंबरही..." मग माझ्या नजरेला नजर मिळाली आणि तो थांबला. अगदी हळू म्हणाला, "आभारी आहे."

वळचणीवरून पाणी ठिबकत होतं. मग तोच म्हणाला, "आता उलटं. मी म्हणतो, तू आभार मान. तू बोलतेस तेव्हा मला घरी जाऊ नये असं वाटतं."

"छे, मी आपली वटवट..." माझ्या तोंडून गेलंच. तो इतका हसला, इतका हसला, की वळचणीखालचं एक बदक घाबरून पाण्यात पळालं.

इंग्रजीत आमचं असं चाललं होतं. आणि चिनीत? चिनीत आमची एकदाच गाठ पडली. आठवड्यातल्या मधल्याच एका वारी, मिश्येनच्या, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या दुकानात, वाफेत मी रांगेत उभी आणि मागे बघते तर हा. तळं नाही, कोपरा नाही, सगळीकडे आपली भाषा. तो कमरेत वाकला. "तुम्ही... जेवलात का?" मी म्हटलं, "हो. तुम्ही?" "हो, हो." आणि दोघं जेवणाच्या रांगेत. समोरासमोर बसून आम्ही वाडग्यात तोंड खुपसून खाल्लं. त्याने माझ्या घरच्यांची प्रकृती विचारली, मी त्याच्या. जणू कुणाच्या लग्नात शेजारी बसवलेले दोन लांबचे नातेवाईक! बाहेर पडलो आणि रस्ता ओलांडताच तो इंग्रजीत ओरडला, "हे फार भयंकर होतं." मग मी हसले, तोही हसला, आणि आम्ही पुन्हा रूबी आणि वॉल्टर झालो. पण माझ्या मनात एक बारीकशी सुई टोचत राहिली. हे प्रेम तळ्याकाठच्या त्या कठड्यापुरतंच तर नाही ना? तिथून बाहेर आणलं तर त्याचा जीव जाईल का?

प्रेम म्हणाले ना मी. हो, तेव्हा ते झालंच होतं.

वसंताचा सण जवळ आला तसा तो सुधारत गेला. आता आवंढा गिळत नव्हता. बोगद्याचं सांगताना हात हलवायचा, डोळे चमकायचे. आणि एका दुपारी, पाव कुस्करता कुस्करता मी सहज विचारलं, तिथे गेलास तर किती दिवसांनी येशील?

"केनिया लांब आहे," तो म्हणाला. "तीन वर्षं. मधे सुट्टी मिळेलच असं नाही."

मला वाटत होतं सहा महिने. फार तर वर्ष. त्या दिवशी घरी येऊन मी आईच्या हातातून सुरी घेतली आणि मुळे असे चिरले की आई म्हणाली, मुळ्यांनी तुझं काय घोडं मारलंय. माझ्याच हाताने मी त्याला लांब ढकलत होते. एकेका वाक्यागणिक. तो जितका बरा बोलणार तितका माझ्यापासून दूर जाणार. आणि मला शिकवायला येतही होतं चांगलं, ही आणखी पंचाईत.

पुढच्या रविवारी जाऊच नये असं वाटलं. गेले. तो आधीच आला होता, आणि त्यालाही झोप लागली नसावी, डोळे तांबारले होते. सराव सुरू करायच्या आधीच तो म्हणाला, "रूबी, मी त्या दिवशी पुन्हा म्हणू शकतो, माझ्यात विशेष काही नाही. सोपं आहे. मला सवय आहे."

"का म्हणशील?"

"म्हणजे ते मला नेणार नाहीत."

क्षणभर, देवाशप्पथ, माझ्या मनाने उडी मारली. नुसतं गप्प राहायचं होतं मला, बाकी सगळं त्याने केलं असतं. आणि मग मला असा राग आला, त्याचाही आणि माझाही.

"आणि मग दर वेळी रेल्वे दिसली की माझ्याकडे बघत बसशील?" मी म्हटलं. "आयुष्यभर? आपल्या कामाला आपल्या तोंडाने खोटं पाडणारा माणूस मला नको."

"मग कसला हवा?"

"काम येतं म्हणणारा. आणि जाऊन करणारा."

"म्हणजे तुला माणूस हवा आहे."

"तसं मी म्हटलं नाही."

"इंग्रजीत म्हणालीस. मला नीट कळलं." पहिल्यांदाच त्याने माझा हात धरला. पावाच्या चुऱ्याने माखलेला हात. पक्षी डोक्यावर कलकलाट करत होते, त्यांना पाव हवा होता, पण आम्ही दोघंही हात सोडत नव्हतो. मग त्याने बसून मला सगळी मुलाखत म्हणून दाखवली, आणि तो कुठे चुकतो का ते मी कान देऊन ऐकलं. हातचं काही राखलं नाही.

निवड झाली. हे सांगायला त्याने फोन केला तोही इंग्रजीत, आणि बातमी झाल्यावर थोडा थांबून एकदम चिनीत म्हणाला, "दाइ रुइलान, मी तुमच्या घरी येऊ का?"

माझं पूर्ण नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडे मुलगा मुलीच्या घरी येतो तो नुसता चहापुरता येत नाही, लग्नाचं मनात धरून येतो, हे तुम्हाला सांगायला नको. मी आईबाबांना म्हटलं, एक जण येणार आहे, तोंग काइझोउ नावाचा. आईने बाकीचं न विचारता मासा आणला.

आला तो तोच इस्त्रीचा शर्ट घालून, फळांची टोपली आणि चहाचा डबा घेऊन. बाबांनी त्याला पेला भरून दिला. सगळं छान चाललं होतं. मग आईने विचारलं, नुसतं रीत म्हणून विचारलं, "कामात कसं काय, जमतंय ना?"

यावर काय म्हणायचं ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. 'कुठलं काकू, शिकतोय अजून.' पण मी त्याला महिनोन् महिने घोटलेलं. काइझोउ ताठ बसला, आईच्या डोळ्यांत डोळे घातले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "काकू, आमच्या गटात बोगद्याची आखणी सगळ्यात चांगली मला येते. उदाहरण देतो."

आणि दिलं उदाहरण. पाणी कसं फुटलं, याने काय केलं, सगळं.

बाबांना ठसका लागला. आईच्या भुवया केसांत गेल्या. मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की तो कुठे बसलाय. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आईने काड्यांनी भाताचे ढीग इकडचे तिकडे केले आणि माझ्याकडे असं बघितलं की त्या नजरेचा अर्थ स्वच्छ होता. हा बढाईखोर कुठून उचलून आणलास?

पण रीत ती रीत. पाहुण्यासमोर आपल्या पोरीला कमी लेखायचं, तेही आईने सुरू केलं. "आमच्या आलानचं काय सांगायचं. स्वयंपाक येत नाही, तोंड चालतं नुसतं, फुलांच्या गोदामात बसते. कामाची नाही." यावर पाहुण्याने 'तसं नाही हो' म्हणायचं, आणि सगळ्यांनी पुढे जेवायचं. एवढं म्हटलं असतं तरी त्याची अजून सुटका होती.

काइझोउने काड्या खाली ठेवल्या.

"काकू, हे खरं नाही," तो म्हणाला. आवाज आता खणखणीत नव्हता, कापत होता. "मागच्या महिन्यात थायलंडला जाणारी फुलं विमानतळावर अडकली. साहेब फोन उचलेनात. हिने एकटीने तिकडच्या माणसांशी भांडून ती दुसऱ्या विमानात चढवली. एक पाकळी कोमेजली नाही. तिने घरी सांगितलं नसेल."

आईने माझ्याकडे बघितलं. नव्हतंच सांगितलं.

"आणि हे बोलायला मला तिने शिकवलं. मी जितका शिकेन तितका लांब जाणार हे तिला माहीत होतं. मी नापास होतो म्हणालो तर ती माझ्यावर चिडली. इतकं चांगलं माणूस मी पाहिलं नाही, काकू. मला ती फार आवडते."

आमच्या घरात हा शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता. बाबांनी आईला नाही, आईने मला नाही. इंग्रजीत त्याने माझं हजार वेळा कौतुक केलं होतं, मी हसत झेललं होतं. हे मात्र सरळ काळजात गेलं. माझ्या डोळ्यांतून टपकन पाणी भातात पडलं आणि मला लाजही वाटेना.

आईने विचारलं, "किती लांब?"

"केनिया. तीन वर्षं."

"म्हणजे आमच्या पोरीने तीन वर्षं दाराकडे बघत बसायचं?"

त्याने मान खाली घातली. "मी तिला थांब म्हणणार नाही. मला तसं म्हणायचा हक्क नाही."

रूबीने यावर काहीतरी झकास उत्तर दिलं असतं. पण तिथे रूबी नव्हती, आलानच होती, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. तरी मी बोलले. आपल्या भाषेत, आईच्या समोर.

"त्याने म्हणायची गरज नाही. मी थांबणार आहे. मला तो आवडतो, आई. मी त्याचीच होणार आहे, तो तिथे असला तरी."

बाबा पेल्यात बघत राहिले. मासा गार होत होता. आई उठली. मला वाटलं आता ती आत जाईल आणि दार लावून घेईल. आत गेली खरी, पण लगेच परत आली आणि त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"तिथे थंडी असते?" तिने विचारलं.

"फारशी नाही, काकू. ऊन असतं."

"डोंगरात काम म्हणजे संध्याकाळी गारठा असणारच." तिच्या हातात करड्या लोकरीचा गुंडा होता. त्याचं टोक तिने त्याच्या एका खांद्यावर टेकवलं आणि धागा दुसऱ्या खांद्यापर्यंत ताणून धरला. तो बिचारा दगडासारखा ताठ, डोळे माझ्याकडे, छाती फुगलेली.

आई म्हणाली, "श्वास सोड रे. माप चुकेल."